हातांवर बसणाऱ्या विजूताई

मिहिर, परवा व्हिडिओ कॉलवर तू बुटाची नाडी बांधायला धडपडत होतास आणि मध्येच विचारलंस, "आजी, तू हातांवर का बसली आहेस?" ही सवय मूळ माझी नाही. बुलढाण्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या विजूताईंची.

विजूताई स्वतः डी.एड. झालेल्या, पण मुलीला, रेणूला, त्यांनी शाळेत घातलं नव्हतं. "पोट्टीले भूक लागू द्या, मंग वाढीन," म्हणायच्या. रेणू कशात अडली की त्यांचे हात शिवशिवत. मग दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून त्या बसून राहत.

रेणू सात वर्षांची झाली तरी वाचत नव्हती. तिचे वडील देवीदासभाऊ तहसील कचेरीत कारकून. त्यांनी आमच्यासमोरच निकाल दिला, "दसऱ्यापर्यंत वाचाले लागली त ठीक. नाही त शाळेत नाव टाकून देतो."

विजूताईंचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता तरी पाटी काढतील. नाही काढली.

त्याच आठवड्यात रेणूने परसात वांगी लावायला घेतली. बियांच्या पाकिटांवरची चित्रं भिजून गेली होती, नावं तेवढी शाबूत होती. तिने नेमकं मिरचीचं पाकीट फोडलं.

"अवं, सांग ना तिले!" देवीदासभाऊ कुजबुजले.

"सांगतलं त ते माह्यं होईन. तिचं कवा होईन?" विजूताईंचे तळवे मांडीखाली होते.

रेणूने त्या रोपांना जिवापाड जपलं. गणपतीच्या सुमारास त्यांना इवल्या मिरच्या लागल्या.

"आई, तुले मालूम होतं?"

"हाव."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तू इचारलं काऊन नाही?"

रेणू पाय आपटत आत गेली. परत आली ती ते फाटकं पाकीट घेऊनच. आईच्या मांडीवर आपटून म्हणाली, "याच्यावर का लिवलं हाये? पयलं अक्षर कोणतं?"

विजूताईंनी हात बाहेर काढले.

मग पाकिटं, मिठाची पिशवी, एसटीच्या पाट्या, काहीच तिच्या तावडीतून सुटलं नाही. दसऱ्याला सकाळी तिने वडिलांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं, अडखळत, पण सबंध बातमी. शाळेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. दुपारी ठेच्याची वाटी माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "घ्या ना वहिनी, आमच्या रेणूच्या वांग्याचं भरीत!"

पुढे कित्येक वर्षांनी विजूताई गेल्या, त्याच्या थोडंसं आधी मी भेटायला गेले होते. अर्धांगाने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. डाव्या हाताने त्या वरणभाताचा घास उचलत, तो सांडे, त्या पुन्हा उचलत. न राहवून मी पुढे झाले.

"राहू द्या काकू," रेणू म्हणाली. "आई करून राह्यली."

घास एकदाचा तोंडात गेला. विजूताईंनी लेकीकडे पाहिलं आणि वाकड्या झालेल्या ओठांनी हसल्या. रेणू खाटेच्या कडेला बसली होती. डोळे भरलेले, आणि दोन्ही तळवे मांड्यांखाली घट्ट दाबलेले.