डाळीच्या डब्यातली बाई

डाळ काढायला इंदूबाई डब्यात हात घालायची, तो कोपरापर्यंत आत जायचा. दोन माणसांच्या वरणासाठी एवढं खोल काहून जावं लागतं, याचा पत्ता शेजारणींना पहिल्याच महिन्यात लागला होता. लागला नव्हता तो एकट्या देवरावला. तो तिचा नवरा, त्यामुळे ते ठीकच होतं.

छप्पन साली राळेगावकडची माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. त्यात देवराव होता, इंदूबाई होती, आणि तिचा म्हातारा मामा उकंडा तर सगळ्यांच्या पुढं होता. परतल्यावर घराघरांतून देव निघाले. ते नदीत सोडायला टोपलीत गोळा करत दारोदार फिरायचं काम मामानंच अंगावर घेतलं होतं. इंदूबाईनं खंडोबा टाकला, मरीमाय टाकली, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. पण रुपयाएवढा एक चपटा गोल तुकडा तिच्या मुठीतच राहिला. तो तिच्या आईनं मरताना हातावर ठेवला होता. ही आपल्या घरची बाई, इले सांभाळ, एवढंच म्हणाली होती. त्यावर हळदीकुंकवाचं असं पूट चढलेलं, की बाईचं नाक कुठं हेही कळत नव्हतं. मामासमोर मिटलेली मूठ घरी येऊन डाळीच्या डब्यात उघडली.

तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला. हा देव असेल तर दीक्षेत दिलेला शब्द मोडला, म्हणजे त्याला नदीत सोडणं आलं. नाणं असेल तर मात्र काही भानगड नाही. आईची एवढी एकच वस्तू उरली होती, ती उजळ माथ्यानं घरात ठेवता आली असती. मामाला विचारलं तर तो टोपली घेऊनच येईल, म्हणून इंदूबाईनं मामा सोडून सगळ्यांना विचारायचं ठरवलं.

राळेगावच्या बाजारात सोनारानं तुकडा कसोटीवर घासला आणि चांदी नाही म्हणून परत केला. देव असो की नाणं, त्याला त्यात रस नव्हता. किराणावाल्याचं निराळंच. नवे पैसे येऊन वर्षच झालेलं, आणे अजून चालतच होते, कोणतं नाणं केवढ्याचं याचा त्याला रोज घाम फुटायचा. सरकारनं हे आणखी एक काढलं असेल, पण यवतमाळहून खबर आल्याशिवाय आपण घेणार नाही, असं त्यानं सांगून टाकलं.

मग मोळी विकायला तांड्यावरची सुखीबाई आली. तिच्या कांचळीवर, म्हणजे चोळीवर, जुनी नाणी कड्या लावून ओळीनं टाचलेली, म्हणजे या खात्यातली तीच जाणकार. तिनं तुकडा उलटासुलटा केला.

"बिनकड्याचं नाणं मी जन्मात नाई पाह्यलं," ती म्हणाली. "अन् डोक्शावर पदर हाय, पाह्य. हे याडी हाय बाई."

तांड्यावर आईला याडी म्हणतात आणि देवीलाही. सुखीबाईनं जाता जाता चिंच-राखेनं घासून चेहरा बघायचा सल्ला दिला. इंदूबाईनं चिंच भिजवली आणि ओला हात तसाच थांबला. दसऱ्याच्या आधी देव असेच तर उजळायचे. म्हणजे देव आहे की नाही हे बघायचं, तर आधी देवाचंच करायचं. बराच वेळ ती न्हाणीत बसून राहिली. शेवटी तिनं घरातले दोन लोटे आणि परातही आणली आणि सगळं एकत्र घासून काढलं. आता ही भांडी घासणं झाली, याला कोण काय म्हणणार?

पुटाखालून एक गालफुगी म्हातारी निघाली. डोक्यावर पदर, पदरावर इवलासा मुकुट, आणि नजर अशी, की जणू कोणी भाजी करपवली आहे. मागं इंग्रजी अक्षरं.

इंदूबाईनं शेतात सापडलं असं सांगून ते रामराव मास्तरला दाखवलं. मास्तरनं चष्मा लावून वाचलं आणि सांगितलं, की हे नाणं नाही. इंदूबाईनं तुकडा परत घ्यायला हात पुढं केला. पण देवही नाही, म्हणे. विलायतेची राणी आहे. तिच्या राज्याला साठ वर्षं झाली तेव्हा वाटलेला हा बिल्ला. राणी लुगडं नेसायची काय, असं इंदूबाईनं विचारलं, तर मास्तरनं हा त्यांच्याकडचा पदर वेगळा, असं काहीसं सांगितलं. तिचा गोंधळ होता त्याच्या दुप्पट झाला. देव नाही, नाणं नाही, मग आहे तरी काय? आणि आई तर शाळेची पायरी चढली नव्हती, तिला राणीनं बिल्ला कधी दिला?

आता मामाच उरला होता. तिनं बिल्ला त्याच्यापुढं ठेवला. मामानं तो पुष्कळ वेळ फिरवला. टोपलीत का टाकला नाही, हे विचारायचं तो विसरला. मग सांगू लागला. बिल्ले वाटायला साहेबाचा माणूस शाळेत आला होता. रांगेतल्या पोरांना बिल्ला हातात मिळाला, वर लाडूही. आपली पोरं लांब निंबाखाली उभी केलेली. शिवायचं कसं, म्हणून त्यांच्याकडं बिल्ले फेकले.

"तुह्या मायच्या ओच्यात पडला," मामा म्हणाला. "माहा शेणात पडला. मी उचलला नाई."

वरून पडलेली, पदर घेतलेली बाई इंदूबाईच्या आजीनं पाहिली आणि देव्हाऱ्यात बसवली. तिला खरं सांगायची हिंमत कोणाचीच झाली नाही, मामाचीही नाही.

त्या संध्याकाळी इंदूबाईनं देवरावच्या ताटाशेजारी बिल्ला ठेवून सगळं सांगितलं. दोन वर्षं आपण याच डब्यातलं वरण खाल्लं, याचाच त्याला आधी राग आला. मग म्हणाला, राणी तरी आपली कुठं होती, उद्या नदीत फेकून दे.

"एकडाव फेकूनच देल्लं होतं हे आमच्याकडं," इंदूबाई म्हणाली. "आता माह्या हातानं नाई फेकत."

देवरावनं आणखी वरण मागितलं.

बिल्ला आता कोनाड्यात फणी-आरशापाशी असतो. हळद नाही, कुंकू नाही. सकाळी तोंड धुऊन देवराव तिथून जातो तेव्हा त्याचे दोन्ही हात आपसूक छातीपर्यंत येतात, तिथं त्याला काहीतरी आठवतं, मग तो घाईघाईनं फणी उचलून डोक्यावरून फिरवतो. डोक्यावरचे केस जाऊन दहा वर्षं झाली, पण फणी रोज फिरते.