तिसऱ्या फळीवरची ट्यूब

सकाळी दुधावर एक डोळा ठेवून मी डबे भरत होते, तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दारावर थाप मारणारं माणूस एकच, खालच्या मजल्यावरची औषधताई. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. डॉक्टरकडे जायचा कंटाळा करणारी सगळी गल्ली तिच्यापुढेच जीभ काढून दाखवते, म्हणून हे नाव.

आज तिच्या तोंडाला रुमाल होता. आत येऊन तिने तो सोडला आणि मी गॅस बंद केला. गाल लालबुंद, पुटकुळ्यांनी भरलेले. हनुवटीवर पू धरलेला.

मुरूम तिला पूर्वीही यायचे, चारचौघींना येतात तसे. अडीच वर्षांपूर्वी कुणीतरी हाताच्या इसबासाठीची ट्यूब दुकानात परत आणून दिली, ती हिने गालांना लावून पाहिली. चार दिवसांत चेहरा काचेसारखा. काय लावतेस गं, असं बायका विचारू लागल्या आणि हिने त्यांनाही तीच दिली. तिसऱ्या फळीवरचा त्या ट्यूबांचा डबा महिन्याला संपायचा. मालक खूश.

पुढे त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, ते ती मला पाठ केल्यासारखं सांगत होती. कातडीत तेल साचतं, छिद्रं बुजतात, आत जंतू वाढतात. तोंड न धुतल्याने होत नाही ते, उलट साबणाने घासघासून बिघडतं. साधं मलम लावून तीन-चार महिने धीर धरला असता तर भागलं असतं. या ट्यूबमध्ये स्टिरॉइड. ते सूज दाबतं, कातडी पातळ करतं आणि सोडलं की सगळं दुप्पट उसळतं. आता सुटायला कित्येक महिने, त्यात आधी आणखी बिघडणार, आणि पडलेले खड्डे राहणारच.

तीनदा तिने सोडून पाहिली. चेहरा पुटकुळ्यांनी भरला की मालक विचारायचे, "अगं, एवढ्या दुकानात तुझ्यापुरतं औषध नाही का?" मग तिची रवानगी मागच्या खोलीत, खोकी फोडायला. चौदा वर्षं माणसांशी बोललेली बाई भिंतीशी किती बोलणार? चार दिवसांत ट्यूब पुन्हा हातात आणि ती पुन्हा काउंटरवर. आता पुन्हा सोडली, तर काल मालकांनी सांगून टाकलं, आता मागे गेलीस तर कायमची मागेच.

मी म्हटलं, दुसरीकडे काम बघ.

ती हसली. "या तोंडाने, वहिनी?"

मग पर्समधून अर्धी पिळलेली ट्यूब काढून तिने ओट्यावर ठेवली. दुकानात डबाभर आहेत की गं, असं माझ्या तोंडून निघून गेलं. तिला का ते ठाऊक नव्हतं? नऊ वाजता त्याच फळीसमोर उभं राहायचं होतं तिला.

"तिथे हात जाईलच माझा," ती म्हणाली. "घरी उठल्या उठल्या आरशासमोर तरी नको."

रुमाल बांधून ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"ही तुमच्याकडे ठेवा. संध्याकाळी मागायला आले, तर देऊ नका."