दसऱ्याला पूजलेलं पॅनल

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. गणिताच्या बाईंचे. त्यांचं नाव इथे छापलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून नुसतं बाई म्हणतो. तसंही आमच्या गावात त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही.

आमचं गाव मध्य प्रदेशात, तापीच्या पलीकडे, जैनाबादच्या पुढे. बाई बुऱ्हाणपूर शहरात राहायच्या आणि रोज पूल ओलांडून आमच्या शाळेत यायच्या. पुस्तक हिंदीत असायचं. बाई ते हिंदीत वाचायच्या आणि मराठीत समजावायच्या. माझे वडील केळीच्या कटाईच्या टोळीत होते. गावातली बरीच मुलं आठवी झाली की त्याच टोळीत जायची. माझंही ठरलं होतं. बाई घरी आल्या तेव्हा वडील ओट्यावर विळा घासत बसले होते.

"बाई, पोराचा हात आता तयार झाला. कटाईले जाईल तो," वडील म्हणाले.

"दोन वर्षं मला द्या त्याची. दहावीला नापास झाला तर मी स्वतः त्याला तुमच्या टोळीत आणून सोडते."

"आन् पास झाला तं?"

"तर मग तुम्ही मला केळीचा एक घड द्यायचा."

घड द्यावा लागला. पुढे बुऱ्हाणपूरला बीएस्सी झालो, बीएड केलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. नोकरी लागली ती धूलकोटच्या बाजूला एका शाळेत, आणि काही वर्षांनी बदली होऊन माझ्याच गावच्या शाळेत आलो. बाई अजून तिथेच शिकवत होत्या. मुलांसमोर त्या मला 'सर' म्हणायच्या आणि स्टाफरूममध्ये शिरलो की, "अरे, तुझ्या सातवीचा आवाज किती? मासळीबाजार भरवलायस का?"

त्या वर्षी शाळेला डिजिटल पॅनल मिळालं. भिंतीवर बसवलेला मोठा काळा पडदा, बोटाने चालणारा. गावात त्याला सगळे टीव्हीच म्हणतात. प्रशिक्षणाला मी गेलो होतो, आणि परत आल्यावर शाळेतल्या बाकीच्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. निवृत्तीला थोडाच काळ उरलेल्या बाई त्याला हात लावणार नाहीत, असं सगळ्यांनी धरलं होतं. बाईंनी मात्र पहिल्याच आठवड्यात मला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं आणि विचारलं, "यात त्रिकोण काढता येतो का? आणि काढलेला त्रिकोण हलवता येतो का?"

येत होता. त्रिकोण काढला की तिन्ही कोनांची मापं शेजारी दिसायची आणि एक टोक बोटाने ओढलं की मापं बदलायची. बेरीज तेवढीच राहायची. बाईंनी ते टोक पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे मी इतकी वर्षं फळ्यावर पुसून पुसून दाखवत होते रे."

आठवीच्या तासाला त्या स्वतः पॅनलजवळ उभ्या राहायच्या नाहीत. मागच्या बाकावर जाऊन बसायच्या आणि एकेका मुलाला पुढे पाठवायच्या. मी एकदा दारातून पाहिलं. एक मुलगी टोक धरून ओढत होती, त्रिकोण काडीसारखा बारीक झाला होता.

"बाई, अजून वढू? फाटंल ना हा!"

"फाटला तर मी शिवून देईन. बेरीज काय दिसतेय?"

"एकशे ऐंशीच हाये."

"मग ओढ अजून."

सगळा वर्ग हसत होता आणि सगळा वर्ग बेरीज करत होता. माझ्या तासाला असं कधी होत नव्हतं.

मग दसरा आला. आमच्याकडे खंडेनवमीला वापरातल्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, पिठाची गिरणी, शिवणयंत्र, काहीच सुटत नाही. शाळेत हातपंपाची, मध्यान्ह भोजनाच्या शेगडीची, कंपासपेट्यांची पूजा व्हायची. त्या वर्षी पॅनलची झाली, आणि ती बाईंनी केली. वरच्या चौकटीवर कुंकवाचं स्वस्तिक, दोन कोपऱ्यांतून सोडलेली झेंडूची माळ, आणि ओल्या कुंकवात भिजवलेल्या अक्षता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. नारळ फोडायची वेळ आली तेव्हा आमचे चतुर्थश्रेणी कर्मचारी काका घाईने म्हणाले, "बाई, नारळ भाईर फोडा हो. पाणी उडलं तं करंट मारंल."

सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी वीज नव्हती. काकांनी माळ काढली, चौकट कोरड्या कपड्याने पुसली. दुसऱ्या दिवशी पाहणीसाठी वरून दोघे आले. पॅनल वर्गात कसं वापरतात ते त्यांना बघायचं होतं, आणि मुख्याध्यापकांनी त्यांना सरळ बाईंच्या तासाला नेलं, कारण दाखवण्यासारखा तास तोच होता.

बाईंनी त्रिकोण काढला. एक मुलगी पुढे आली, तिने टोकाला बोट लावलं आणि त्रिकोण तिच्या हातातून सुटून खालच्या कोपऱ्यात पळाला. तिने बोट उचललं तरी तो थांबेना. आपोआप रेघा उमटायला लागल्या, पान उलटलं, पुन्हा उलटलं. मागून एक मुलगा म्हणाला, "बाई, याले झटके येऊ राह्यले!" वर्ग हसला. बाईंनी पॅनल बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी बटणाकडे हात नेला तेव्हा आलेल्यांपैकी तरुण साहेब उठले.

"मैडम, आप रहने दीजिए। आप बैठ जाइए। सर करवा देंगे।"

सर म्हणजे मी. मी पुढे गेलो. माझ्या हातानेही ते चालेना, पण तोवर दोघे साहेब वर्गाबाहेर पडले होते. बाई खरंच बसल्या होत्या, पहिल्या बाकावर, मुलांच्या शेजारी. स्टाफरूममध्ये इतिहासाचे सर गमतीने म्हणाले, "बाई, तुम्ही फळ्याचीच पूजा करायला पाहिजे होती. तो कधी पळून जात नाही." एरवी बाईंनी त्यांना सोडलं नसतं. त्या दिवशी त्या नुसतं पाणी प्यायल्या आणि डबा न उघडताच त्यांनी पिशवीत ठेवला.

निघताना मला म्हणाल्या, "माझ्या वर्गात मला कोणी बस म्हटलं नव्हतं आजपर्यंत. आठवी तू घे. मला आता पुरे."

मला वाटलं राग आहे, उतरेल. दिवाळीनंतर कळलं की त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मुख्याध्यापकांकडे दिलाय आणि शिल्लक रजा टाकून त्या घरी बसल्यात.

आठवीचं गणित माझ्याकडे आलं. आमच्याकडे आठवीलाही बोर्डाची परीक्षा असते, आणि ती फेब्रुवारीत होती. पॅनलची तक्रार नोंदवली होती, पण माणूस येत नव्हता. बोटाने चालत नसलं तरी रिमोटवर व्हिडिओ लागत होते, म्हणून मी व्हिडिओ लावायला लागलो. चित्रं चांगली, आवाज स्पष्ट, हिंदी शुद्ध. मुलं अगदी शांत बसायची. मुख्याध्यापक व्हरांड्यातून जाताना मान डोलवायचे. मग एक दिवस मी फळ्यावर वेडावाकडा चौकोन काढला आणि विचारलं, याच्या चार कोनांची बेरीज किती?

"तीनशे साठ," सगळे एका सुरात.

"का?"

शेवटी एक मुलगा म्हणाला, "सर, व्हिडिओत सांगितलं ना."

त्रिकोण ओढणारी ती मुलगी उभी राहिली. "सर, बाई आमाले वढू द्यायच्या. तुमी नुसतं दाखवता."

मला तिच्या बोलण्याचं वाईट वाटलं नाही. ती खरं बोलत होती. मी घरी जाऊन चौकोनाचा धडा चार वेळा वाचला, कागदाचे चौकोन कापून नेले, काही मुलांना समजलं, काहींना नाही. बाईंसारखं मागच्या बाकावर बसून गप्प राहूनही पाहिलं. मला गप्प राहता येत नाही.

त्याच आठवड्यात मी पॅनलच्या बाजूच्या कडेला चिकटवलेल्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. बऱ्याच वेळाने एक मुलगी बोलली. मी सगळं सांगितलं.

"सर, फ्रेम पे कुछ चिपका है क्या? स्टिकर, टेप, माला?"

"माला?"

"दशहरे पे पूजा की थी क्या?" ती हसायला लागली. "सर, दशहरे के बाद ऐसे बहुत फोन आते हैं।"

तिने समजावलं ते असं. चौकटीच्या आतल्या कडेला न दिसणाऱ्या प्रकाशाच्या ओळी असतात. बोट त्या ओळी अडवतं आणि त्यावरून पॅनलला कळतं की इथे कोणी टेकलं. बोटाऐवजी दुसरं काही अडवत असेल तर पॅनलला तेही बोटच वाटतं. मी मोबाइलची बॅटरी लावून आतली कड बघितली. खालच्या उजव्या कोपऱ्यात, काळ्या चौकटीला काळपट पडलेल्या कुंकवाने घट्ट बसलेला तांदळाचा दाणा होता. ओल्या कपड्याने थोडा वेळ दाबून धरला तेव्हा सुटला. पॅनल चालू केलं. त्रिकोण जिथे ठेवला तिथे राहिला.

स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा हसायला मिळालं सगळ्यांना. इतिहासाचे सर म्हणाले, "बाईंना सांगू नका बरं का. त्यांनीच वाहिलेल्या अक्षता! आणखी लागेल त्यांना. मशीन खराब होतं, माणूस येऊन दुरुस्त करून गेला, एवढंच सांगा." मुख्याध्यापकांचंही तेच मत पडलं.

मी दोन दिवस विचार केला. ते सोपं होतं आणि वाईट हेतूचंही नव्हतं. पण बाई विचारणारच, काय खराब होतं? कोणी दुरुस्त केलं? काय केलं नेमकं? आणि मला बाईंपुढे खोटं बोलता येत नाही. दुसरं म्हणजे, कारण कळल्याशिवाय त्या पुन्हा त्या पडद्याला हात लावणार नाहीत, हे मला माहीत होतं. त्यांना आपल्या हाताचीच भीती बसली होती.

फोनवर त्या मला बोलू देत नाहीत. "शाळेचं सोड, आई कशी आहे?" म्हणून विषय बदलतात. म्हणून पत्र लिहिलं आणि टपालात टाकलं. पाठवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. बाई परत आल्या त्या दिवशी ते पत्र त्यांच्या पर्समध्ये होतं आणि त्यात दोन वाक्यांखाली लाल रेघ होती. माझ्या मराठीत हिंदी शिरते. ती दोन वाक्यं दुरुस्त करून बाकी पत्र आहे तसं देतो.

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.

पॅनल चालू झालं. माणूस कोणी आला नव्हता, मीच केलं. खालच्या उजव्या कोपऱ्यात आतल्या कडेला तुम्ही वाहिलेल्या अक्षतांपैकी एक दाणा चिकटला होता. पॅनलला ते बोट वाटत होतं. त्यामुळे तुमचा हात लागला तरी ते पळायचं, माझा लागला तरी पळायचं आणि साहेबांनी लावला असता तरी पळालंच असतं. त्यांनी लावून पाहिला नाही. मदतीच्या फोनवरची मुलगी म्हणाली, दसऱ्यानंतर असे खूप फोन येतात. म्हणजे पूजा करणारे आपण एकटे नाही.

हे तुम्हाला सांगू नये असं सगळ्यांचं मत होतं. मी सांगतो आहे.

मी मुलांनाही सांगितलं. पुढच्या दसऱ्याला माळ खालच्या टेबलाला घालायची असं त्यांनी ठरवलं आहे. पाहणीला आलेल्या साहेबांना मी बिघाडाचं कारण कळवलं आहे. उत्तर आलेलं नाही.

आठवीचा चौकोनाचा धडा माझ्याकडून नीट झालेला नाही. मुलांना तीनशे साठ पाठ आहे, का ते अर्ध्यांना सांगता येत नाही. काल पॅनलवर चौकोन काढून ओढायला दिला तेव्हा एका मुलीने त्याचं एक टोक आत ढकललं, बाणाच्या टोकासारखं, आणि विचारलं की आता या टोकाचा कोन कुठून मोजायचा. मी तिला म्हटलं, बाईंना विचार. खरं तर मला चटकन सांगता आलं नाही.

तुमचा अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहे, वर गेलेला नाही. महिनाअखेरपर्यंत परत घेता येतो असं ते म्हणाले. मी त्यांना काही म्हटलं नाही, फक्त विचारलं.

सोमवारी आठवीचा गणिताचा तास तिसरा आहे. त्या वेळी मी सहावीवर जाईन. आठवीवर कोणालाही लावलेलं नाही.

तुमचा विद्यार्थी