थंडीच्या डॉक्टरचा मटार

गल्लीत त्याला सगळे 'थंडीचा डॉक्टर' म्हणत, आणि त्यालाही ते मनातून आवडायचं. फ्रीज म्हणा, एसी म्हणा, जे जे गार व्हायचं थांबलं ते ते याच्या दुकानात यायचं. हल्ली लोक हिवाळ्यातसुद्धा एसी लावायला लागले होते, त्यामुळे डॉक्टरची चंगळ होती. हिवाळ्याचं कसं वाटोळं झालंय हे तो तावातावानं सांगायचा आणि पुढच्या घरी एसी बसवायला निघायचा.

वाटोळं झालं होतं हे मात्र खरं. परसात त्याची आई दर हिवाळ्यात मटार लावायची. बी तिच्या आईकडचं, लग्न होऊन आली तेव्हा रुमालात बांधून आणलेलं. थोड्या शेंगा वेलावरच जून होऊ द्यायच्या आणि त्यांचंच बी पुढच्या वर्षी पेरायचं. गेल्या हिवाळ्यात उकाड्यानं फुलं गळाली आणि कसंबसं मूठभर बी हाती लागलं. दुसरीकडे ते कुठंच नव्हतं. हे गेलं की संपलं.

"आत्ताच एवढं तापतंय. बी किडलं तर काय करू रे?" आईला घोर लागला.

"अगं, मुलगा थंडीचा डॉक्टर, आणि तुला कसली काळजी? आण इकडे!"

"अजून ओलसर आहे. नीट वाळू दे, मग ने."

"वाळवतो ना दुकानात."

वाळवतोय कसला! गिऱ्हाइकांची रीघ लागलेली. त्यानं बी डब्यात कोंबलं आणि डबा मोठ्या फ्रीझरच्या तळाशी ठेवून दिला. थंडीनं कधी कुणाचं वाईट केलंय, असा त्याचा हिशेब.

हिवाळा आला, म्हणजे कॅलेंडरवर आला. आईनं वाफा केला, बी पेरलं, रोज पाणी घातलं. एक कोंब वर येईल तर शपथ! शेजारीणबाईंचा बाजारचा मटार मात्र टरारून आला होता.

"थंडीच नाही, तर उगवणार काय डोंबल?" डॉक्टरांचं कुंपणापाशी भाषण सुरू झालं.

"मग आमचा कसा उगवला हो?"

"तुमचं ते बाजारचं बी. निगरगट्ट!"

आईनं बोटानं माती उकरली, एक दाणा काढला आणि चिमटीत दाबला. तो पचकन फुटला.

"फ्रीजच्या वरच्या कप्प्यात राहिलेल्या काकडीसारखा झालाय बघ," ती म्हणाली. "हा गोठून मेलाय. यंदा थंडी पडलीच नाही, मग याला कुठली थंडी लागली?"

डॉक्टरांचा चेहरा खर्रकन उतरला.

"फ्रीझरमध्ये ठेवलं होतं," तो पुटपुटला. "ओलंच."

"जन्मभर लोकांना थंडी पुरवलीस. माझ्यासाठी एकदाच आणलीस, आणि ती..." पदरानं डोळे पुसत ती आत गेली. त्याला इतकं वाईट वाटलं की दुकान उघडायलाही तो गेला नाही.

संध्याकाळी मान खाली घालून तो शेजारीणबाईंकडे गेला आणि त्यांचं उरलेलं बी मागून आणलं. तेच ते, निगरगट्ट. आईनं ते तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिलं.

"हेही कुणाच्या तरी आईचंच असेल," ती म्हणाली आणि वाफ्याशी बसली. तोही मदतीला वाकला.

"तू हात लावू नकोस," आई म्हणाली.