इंदुबाईचा चौथरा

धरमतर खाडीच्या काठी मी चार वर्षं शाळेत शिकवलं, तेव्हा इंदुबाई माझी शेजारीण होती. साठीची, काटक, मिठागरात काम करून तळव्यांना भेगा पडलेली. दर अमावास्या-पुनवेला दुपारी, भरती पुरती चढली की ती तेलवात घेऊन बांधावर जायची. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला तो मातीचा बांध. त्याच्या खाडीकडच्या उतारावर एक शेंदूर लावलेला दगड होता, तो आमचा बांधावरचा देव. मीही जाता-येता हात जोडायची.

इंदुबाईचा मुलगा जगन नव्वद साली कंपनीत कायम झाला. नवस फेडायचा म्हणून तिने देवाला सिमेंटचा चौथरा बांधून दिला, दीड हात उंच. आधी देव मातीत उभा होता, उधाणात त्याचे पाय भिजायचे. ते तिला बघवत नव्हतं.

पुढच्याच वर्षी आषाढ अमावास्येला भर दुपारी बांध फुटला. सगळी माणसं लावणीत वाकलेली, कुणाला काही कळलं नाही. अकरा घरांची शेतं खारी झाली. त्यातलं एक सरूचं. सरू म्हणजे इंदुबाईची बालमैत्रीण. तीन वर्षं तिच्या शेतात दाणा पिकला नाही. इंदुबाई म्हणायची, "नशीब गो, दुसरं काय?" सरूही तसंच म्हणायची.

चौऱ्याण्णवच्या माघात पेणच्या वाचनालयाने 'आपला परिसर पाहू' अशी रविवारची फेरी सुरू केली. माहिती सांगायला रोह्याजवळच्या अष्टमी गावाहून हैबतराव यायचे. शाळेत कारकुनी करून निवृत्त झालेले. खांद्याला पिशवी, तिच्यात मोजायची टेप, वही आणि भाकरी. जुना दगड दिसला की उकिडवे बसायचे. आमच्या गावाची पाळी आली तेव्हा वीसेक पाहुणे आणि निम्मं गाव त्यांच्या मागे बांधावर निघालं.

म्हातारे दाजी म्हणाले, "आमचा बांध बगाया एस्टीनं मानसं येतात! उद्या तिकीट लावा."

हैबतराव देवापाशी बसले. शेंदराला हात लावायच्या आधी त्यांनी विचारलं, "याची पूजा कोण करतं?"

"मी करते," इंदुबाई पुढे झाली. शेंदराखालचा दगड बघायचाय असं त्यांनी म्हणताच तिने स्वतः तेलाचं बोट फिरवून खालचा थर पुसला. दगडावर आडवी, सरळ खाच निघाली.

"हे देवाचे पाय," ती म्हणाली.

"असतीलही. असा दगड मी आणखी एका बांधावर पाहिलाय. तिथले लोक त्याला पाण्याची खूण म्हणतात. पाणी इथवर आलं की काय करायचं, असं काही ऐकलंय का?"

"व्हय तर. सासू सांगायची, देवाच्या पायाला पानी लागलं की घराघरात हाक घालायची. देव न्हाला, चला बांधावर! मग सगली फावडी-घमेली घेऊन धावायची."

"आणि हल्ली कधी लागलं होतं?"

"चौथरा बांधल्यापासून एकदाय नाय," इंदुबाई अभिमानाने म्हणाली. "बांध फुटला त्या दुपारीबी मी हितंच होती. पाय कोरडे. म्हनून निवांत घरी गेली."

बोलता बोलता तिची नजर चौथऱ्यावर गेली. आमचीही.

सरू गर्दीतून पुढे आली. "म्हंजे गो इंदू, तू देवाला वर उचललास नि आमची शेतां बुडवलीस?"

हैबतराव गडबडले. "अहो, मी अंदाजाने बोलतोय. नक्की कोण सांगणार?" पण कुणी ऐकत नव्हतं. सरू तडक घरी निघून गेली.

इंदुबाई चार दिवस बांधावर फिरकली नाही. पाचव्या दिवशी माझ्या दारात येऊन बसली.

"बाई, तुमी शिकलेल्या. ह्यो देव की खूण?"

"मला नाही कळत, इंदुबाई."

"देव असला तर खाली उतरवला म्हनून कोपंल. खूण असली तर मी तीस वर्सं कुनाशी बोलत व्हती? माजा जगन लागला तो कुनामुलं?"

देवापुढे रोज दिवा मीही लावते. मी चहा दिला. तो तसाच ठेवून ती उठली.

होळीच्या आधी चौथरा फोडायचं तिने ठरवलं. देवाच्या जागेला पहार लावायला गावात कुणी तयार होईना. जगन म्हणाला, "आये, रेतीसिमेंट मी डोक्यावरून आनलंय, मी नाय फोडनार." शेवटी तिनेच पहार घेतली. "चुकलंमाकलं पदरात घे," म्हणाली आणि पहिला घाव घातला. दगड पहिल्यासारखा मातीत उभा राहिला, तेव्हा ती रडत होती.

आषाढ अमावास्या आली. लावणी चालू होती. भरतीच्या वेळी इंदुबाई बांधावर आणि मी छत्री धरून तिच्या शेजारी. पाणी चढत चढत खाचेला लागलं. तिने हात जोडले, अर्धं काहीतरी पुटपुटली आणि तशीच हात सोडून धावत सुटली.

"देव न्हाला! चला गो, देव न्हाला!"

फावडं घेऊन पहिली सरू आली. इंदुबाईकडे न बघता चिखल थापायला लागली. मग सगळेच आले. बांध टिकला. तो तसाही टिकला असता, असं दाजी आजही म्हणतात.

ओहोटी लागल्यावर इंदुबाई नारळ हातात घेऊन दगडापुढे उभी राहिली, पण फोडेना.

"आता ह्यो कुनाच्या नावानं फोडू?" तिने मला विचारलं.

कंबरेवर हात ठेवून उभी असलेली सरू म्हणाली, "कुनाच्याबी नावानं फोड गो. सकालपासून पोटात काय नाय."

इंदुबाईने नारळ फोडला. पहिला तुकडा दगडापुढे ठेवला आणि दुसरा सरूच्या हातावर.