अप्पांचं बेसूर बोलणं

माझा बाप ठार बेसूर होता.

आणि शेवटची दोन वर्षं तो माझ्या मायशी फक्त गाऊन बोलला.

आज अप्पांना जाऊन महिना झाला. सकाळपासून नुसत्या येरझारा चालू आहेत. फोन उचलते, ठेवते. एका जागी बसवत नाही. म्हणून उभ्या उभ्याच लिहून राहिले.

मायला स्ट्रोक आला होता. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण शब्द बाहेर येईना. "प... प..." करायची आणि चिडून पेला भिरकावायची.

नांदेडच्या स्पीच थेरपिस्ट मॅडमनी एक दिवस तिला बारशाचा पाळणा म्हणायला लावला.

माय म्हणाली! अख्खं कडवं. शब्दांसकट.

मॅडम म्हणाल्या, "बोलायचा रस्ता बंद झालाय, गाण्याचा उघडा आहे. रोजची वाक्यं चालीत म्हणा. तिच्या डाव्या हातावर ताल धरा. आणि घरच्यांनीही गाऊनच विचारायचं."

घरी तर ही दोघंच. आम्ही सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं.

वारंगा फाट्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान. दिवसभर ट्रकच्या टायरशी झटापट. भजनात लोक त्यांच्या हातात टाळ द्यायचे, पण तोंड उघडू द्यायचे नाहीत.

"मॅडम, मला न्हाई जमत."

"जमवा."

जमवलं. पाळण्याच्या चालीत, फाटक्या आवाजात. "पाणीऽ देऊ काऽ?"

माय कधी अडकायची. डावा हात खाटेवर आपटायची. अप्पाही वैतागायचे, उठून अंगणात फेरी मारून यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

तिचं पहिलं लांब वाक्य काय असावं?

"भाजीतऽ मीठ न्हाईऽ!"

अप्पांनी त्या आनंदात मला फोन केला होता.

दुपारी दुकानातून ते तिला फोन लावायचे. कॉम्प्रेसर बंद करून भर हायवेवर गायचे, "जेवलीऽस काऽ?"

एकदा मी तिथंच होते. ट्रक ड्रायव्हर हसत म्हणाला, "काय मामा, भजन चालू हाय काय?"

"न्हाई. बायकोला जेवली का इचारून राहिलो."

काका चिडायचे. "लोकं हसून राहिले, दादा."

"हसू दे. ती बोलून राहिली ना?"

मग एका दुपारी दुकानातच अप्पांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यांना अंगणात आणलं. बायकांनी हंबरडा फोडला. मायला रडता येईना. ती सरकत सरकत जवळ गेली, डाव्या हातानं अप्पांच्या छातीवर ताल धरला आणि गाऊ लागली.

"जेवलेऽ न्हाईतऽ... अजून जेवलेऽ न्हाईतऽ..."

खरंच. डबा दुकानात तसाच होता.

कुणीतरी म्हणालं, "डोक्यावर परिणाम झाला हिच्या." आत्यानं पदरानं तिचं तोंड दाबायला हात पुढं केला.

मी तो हात घट्ट धरून ठेवला.

त्यानंतर माय गप्प झाली. तिला माझ्याकडे कळमनुरीला आणलं. मी रोज गाऊन विचारते. शाळेत गाण्याची बक्षिसं घेतलेली मी. माझा आवाज ऐकला की ती भिंतीकडे तोंड करते.

तिला असं गप्प बघून माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

आज दुपारी पुन्हा ताट घेऊन गेले. "जेवतेऽस काऽ माय?" म्हणताना मलाच हुंदका आला. सूर गेला, शब्द गेले.

तिनं वळून पाहिलं. माझा हात ओढून मांडीवर घेतला. त्यावर हळूहळू थापा मारल्या. बराच वेळ नुसत्या थापाच.

मग म्हणाली, "तूऽ जेवऽ आधीऽ."

अप्पा, माय बोलली.

तुमच्या जिवाला आता घोर नको. आमचा काही लवकर मिटायचा नाही.

तरी निवांत जा. लेकीचा नमस्कार.