बाईंची परात

निरोप आला तेव्हा मी पुसदच्या बाजारात वांगी निवडत होते. गावाकडचा गडी समोर येऊन उभा राहिला आणि "काकू, बाई गेल्या" एवढंच म्हणाला. वांगी तिथंच टाकून मी मोटार गाठली. बाई म्हणजे माझी थोरली जाऊ. ढाणकीजवळच्या आमच्या खेड्यात एकटीच राहायची. कोंबड्या गारठल्या असतील म्हणून सकाळी परात घेऊन अंगणात गेली, खुराड्यापाशी बसली, ती उठलीच नाही. महिना झाला... अजून माझं डोकं ठिकाणावर नाही.

बाई तोंडाची फटकळ. मीही काही कमी नाही, म्हणून आमचं जमायचं. भाताची खरड, कण्या, शिळ्या भाकरीचा चुरा, भाजीचे देठ, सगळं तिच्या परातीत जायचं. हिवाळ्यात कोंडा कढत पाण्यात भिजवून वर चिमूटभर तिखट टाकायची. मी हसले की म्हणायची, "तुले थंडीत चहा लागते ना? मंग तिले काहून नाही?"

महाराष्ट्र झाला त्या वर्षीच्या हिवाळ्यात तिची एकुलती एक सुमन क्षयानं अंथरुणाला खिळली. सुया चालू होत्या. डॉक्टर म्हणाले, रोज दूध आणि अंडं द्या, अंगात ताकद पाहिजे. आणि नेमक्या त्याच थंडीत कोंबड्यांनी हात आखडला. गावात कुणाकडेच अंडं मिळेना. बाई वेड्यासारखी झाली. खुराड्याला पोती गुंडाळली, कोंबड्या चुलीपाशी आणल्या, स्वतःच्या ताटातली भाकर कुस्करून त्यांना घालू लागली. मी ओरडले, "बाई, तुम्ही काय खाणार?" तर म्हणाली, "मी खाल्लं तं काय अंडं देईन?"

मग तिच्या डोक्यात सरकी आली. आमच्याकडे दुभत्या गाईला सरकी शिजवून घालतात. "गाईले लागू पडते तं कोंबडीले काहून नाही पडणार?" मलाही पटलं. कापसाच्या मुलखात सरकीला वाईट कोण म्हणेल? पण अधूनमधून मिळायचं ते एखादं अंडंही बंद झालं. बाईनं सरकी वाढवली. रोज सकाळी खुराड्यात हात घालून चाचपायची आणि आतून सुमन विचारायची, "माय, देलं का वं?"

"देते ना बापा, आज नाही तं उद्या."

होळीच्या आत सुमन गेली.

पुढे आम्ही पुसदला आलो. तिथं गुरांच्या डॉक्टरांकडून बोलता बोलता कळलं, की कोंबडीला सरकी घालू नये, अंडी कमी होतात. अंड्यानं सुमन वाचली असती का, देव जाणे. नसतीच वाचली, असं मी स्वतःला हजारदा सांगितलं. पण हे बाईच्या कानावर जाता कामा नये, एवढं मात्र ठरवलं. घरातही बोलले नाही. दर दिवाळीला गावी गेले, तिच्याशेजारी बसून कोंबड्यांना चुरा टाकला आणि सरकीचं नाव काढलं नाही. तिनंही कधी काढलं नाही.

तेराव्याला शेजारची नवी सून कोंबड्यांना टाकायला कोंडा घेऊन आली. मी सहज म्हटलं, "पोरी, सरकी नको हं घालूस."

"माहीत आहे मले, काकू. बाई रोज बजावत. काही बी टाक, पण सरकी नोको टाकू. माह्या हातानं एकदा टाकल्या गेली, म्हणत."

मी तिथंच ओट्यावर बसले... म्हणजे बाईला कळलं होतं. कधी, कुणाकडून, आता कुणाला विचारू? इतकी वर्षं ती हे एकटीनं उराशी घेऊन जगली आणि मी शेजारी बसून चुरा टाकत राहिले. एकदा बोललो असतो, तर गळ्यात पडून रडलो तरी असतो. तेवढंही तिच्या वाट्याला आलं नाही.

परात मी पुसदला घेऊन आले. इथं कोंबड्या नाहीत. तरी सकाळी थंडीत उठते, शिळी भाकर कुस्करते, कढत पाण्यात भिजवते आणि परात पायरीवर ठेवते. वाफ निघून जाते. मग ती तशीच उचलून आत आणते.